पाडव्याच्या रात्री आकाशातून काय जळत गेलं?

परभणीजवळच्या एका गावातून आलेला प्रश्न थोडक्यात असा. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. दिवेलागणीला गुढी उतरवून घरची मंडळी अंगणात बसली होती. पावणेआठच्या सुमारास उत्तरेच्या आकाशातून डावीकडून उजवीकडे जळत्या दिव्यांची एक रांग सरकत गेली. आवाज काही नाही. प्रश्न विचारणाऱ्याचे वडील आज चार वर्षांनीही ठामपणे सांगतात, "ते विमान होतं, पेटलेलं. मला खिडक्या दिसल्या. आमराईच्या पलीकडे पडलं." पेपरात चिनी रॉकेट असल्याचं आलं तेव्हापासून घरातली मुलं त्यांना हसतात. विचारणाऱ्याला दोन गोष्टी हव्या आहेत: ते रॉकेटच होतं हे ठरवलं कसं, आणि बाबांना खिडक्या कशा दिसल्या.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो मला जास्त जवळचा आहे. गेली पंचवीसेक वर्षं मी हौशी आकाशनिरीक्षक म्हणून अशा 'दिसलेल्या' गोष्टींच्या नोंदी घेतो, माणसांशी बोलतो, शक्य असेल तिथे त्यांच्या गच्चीवर, शेतात जाऊन उभा राहतो. आजवर मला भेटलेल्यांपैकी जाणूनबुजून खोटं बोलणारे अगदी मोजके. बाकीच्यांनी जे सांगितलं ते त्यांना खरोखर दिसलं होतं. म्हणून पहिली विनंती अशी, की बाबांना हसणं थांबवा. त्यांनी फार चांगली साक्ष दिली आहे. फक्त तिच्यात दोन गोष्टी मिसळल्या आहेत: डोळ्यांनी टिपलेलं आणि मनाने भरून काढलेलं. तपास म्हणजे ही सरमिसळ निवडून काढायची. तांदळातले खडे निवडताना तांदूळ कुणी फेकून देत नाही.

अशीच एक घटना ३ मार्च १९६८ च्या रात्री अमेरिकेत घडली. सोव्हिएत संघाच्या 'झोंड ४' मोहिमेतला अवशेष वातावरणात शिरून जळत गेला आणि तो अनेक राज्यांतल्या लोकांनी पाहिला. त्या काळात अमेरिकी हवाई दलाच्या पैशावर कोलोरॅडो विद्यापीठात भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड कॉन्डन यांच्या नेतृत्वाखाली उडत्या तबकड्यांचा अभ्यास चालू होता. त्या गटाला ही आयती परीक्षाच मिळाली. वस्तू काय होती हे पक्कं माहीत होतं, आणि लोकांनी काय पाहिलं ते पत्रांतून हातात होतं. बऱ्याच लोकांनी अगदी बरोबर वर्णन केलं होतं: जळते तुकडे, मागे शेपट्या, एकाच दिशेने जाणारे. पण काहींनी सिगारच्या आकाराचं यान लिहिलं, त्याला चौकोनी खिडक्या होत्या, आतून उजेड येत होता. कुणाला ते झाडांच्या शेंड्यांइतक्या उंचीवर वाटलं. या पत्रांचा अभ्यास करणारे खगोलशास्त्रज्ञ विल्यम हार्टमन यांनी या प्रकाराकडे मुद्दाम लक्ष वेधलं: अंधारात एकाच वेगाने, एकाच दिशेने जाणारे सुटे दिवे दिसले की मन त्यांना एका काळ्या सांगाड्यात बसवतं. सांगाडा दिसत नाही, पण तो आहे असं वाटतं. एकदा सांगाडा आला की दिव्यांच्या खिडक्या होतात.

परभणीजवळच्या अंगणात नेमकं हेच घडलं. रात्री रस्त्याने जाणारी एसटी दुरून पाहा. गाडी दिसत नाही, उजळलेल्या खिडक्यांची रांग दिसते आणि आपण 'गाडी गेली' म्हणतो. आयुष्यभराची ही सवय त्या मिनिटभरात बाजूला ठेवता येत नाही. वय, शिक्षण, नजर कितीही चांगली असली तरी येत नाही.

आता अंतराकडे. आपल्या डोळ्याला कोन कळतो. वीस-पंचवीस मीटरच्या पलीकडे अंतर थेट कळत नाही, ते ओळखीच्या वस्तूंवरून आपण ताडतो. झाड किती मोठं असतं हे माहीत असतं म्हणून झाड किती दूर आहे ते कळतं. आकाशात, त्यातही रात्री, असा आधार नाही. एक हिशेब करून दाखवतो, कारण हा हिशेब समजला की अर्धा तपास समजतो.

समजा आकाशातला एक दिवा सेकंदाला दीड-पावणेदोन अंशांनी सरकतो आहे. हात लांब करून करंगळी धरली तर तिच्या जाडीने साधारण एक अंश झाकला जातो, म्हणजे दर सेकंदाला जेमतेम दोन करंगळ्या. हा दिवा काय असू शकतो? शंभर मीटरवरून वाऱ्यावर तरंगत जाणारा कागदी आकाशकंदील असू शकतो, सेकंदाला तीन मीटर वेगाचा. डोक्यावरून दहा किलोमीटर उंचीने, सेकंदाला अडीचशे मीटर वेगाने जाणारं प्रवासी विमान असू शकतं. किंवा अडीचशे किलोमीटर अंतरावर, सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने जळत चाललेला रॉकेटचा टप्पा, म्हणजे रॉकेटचा सुटा झालेला भाग, असू शकतो. तिघांची चाल डोळ्याला जवळजवळ सारखी. बाबांनी आयुष्यभर विमानं पाहिली आहेत, रॉकेटचा जळता सांगाडा पहिल्यांदाच पाहिला. चाल विमानाची दिसली, म्हणून त्यांनी विमान म्हटलं. मीही त्या जागी, त्या वयात, आधीची कल्पना नसती तर तेच म्हटलं असतं.

'आमराईच्या पलीकडे पडलं' याचंही तसंच. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे ऐंशी किलोमीटर उंचीवरची गोष्ट दूर जाता जाता क्षितिजाकडे उतरताना दिसते. ती पडत असतेच, पण आपल्या आमराईपासून फार लांब. त्या रात्रीचे अवशेष चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात मिळाले. परभणीहून ते सरळ रेषेत तीनशे किलोमीटरपेक्षा जास्त, दिशा पूर्व-ईशान्य. बाबांची आमराई अंगणातून त्याच बाजूला असेल असा माझा अंदाज आहे. तसं असेल तर त्यांनी दिशा तंतोतंत बरोबर सांगितली आहे, आणि तपासाला दिशाच लागते.

आवाज आला नाही हा मुद्दा लोक मला हमखास सांगतात, आणि त्यावरून 'हे साधं यंत्र नव्हतं' असा निष्कर्ष काढतात. आवाज सेकंदाला साधारण एक तृतीयांश किलोमीटर जातो. शंभर किलोमीटरवरून निघालेला आवाज यायला पाच मिनिटं लागतात, आणि विरळ हवेतून खाली येता येता तो इतका क्षीण होतो की बहुतेक वेळा पोहोचतच नाही. तोवर माणसं घरात गेलेली असतात.

आता पहिला प्रश्न. रॉकेट, आणि तेही अमुकच रॉकेट, हे कसं ठरलं?

सुरुवात वेळेपासून होते. दिव्यांची ती रांग गुजरात, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्राच्या मोठ्या भागातून दिसली, ढोबळमानाने पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना, आणि सगळीकडे वेळ जवळपास एकच. एवढ्या लांबलांबच्या माणसांना एकाच वेळी एकच गोष्ट दिसते तेव्हा ती फार उंचावर असणार, यात शंका राहत नाही. विमान दहा किलोमीटर उंचीवरून जळत गेलं असतं तर ते इंदूर आणि नागपूरला एकदम, एवढं वर आकाशात दिसलं नसतं.

उल्का का नव्हे? अंतराळातून येणारी उल्का वातावरणात सेकंदाला किमान अकरा किलोमीटर वेगाने शिरते, बऱ्याच वेळा त्याहून कितीतरी जास्त. मोठा अग्निगोलसुद्धा काही सेकंदांत संपतो. पृथ्वीभोवतीच्या कक्षेतून उतरणारी मानवनिर्मित वस्तू आठ किलोमीटरच्या आतल्या वेगाने, अगदी तिरक्या वाटेने येते, त्यामुळे मिनिटभर, कधी त्याहून जास्त वेळ जळत राहते आणि वाटेत तिचे तुकडे होतात. हलके तुकडे मागे रेंगाळतात, जड पुढे जातात, आणि रांग तयार होते. सावकाश चाल आणि लांबलचक रांग दिसली की माझं मन आधी कक्षेतल्या कचऱ्याकडे वळतं.

स्टारलिंकची माळ, म्हणजे एकत्र सोडलेल्या इंटरनेट-उपग्रहांची रांग, हाही संशय लोकांना येतो, आणि आजकाल माझ्याकडे येणाऱ्या चौकशांत तीच सर्वांत जास्त असते. पण ती वेगळी ओळखता येते. तिच्यात ठिपके जवळपास सारख्या तेजाचे, पांढरे, शेपटी नसलेले असतात. ते सूर्यप्रकाशाने चमकतात, म्हणून पृथ्वीच्या सावलीत शिरताच आकाशात मधेच एकामागून एक विझतात. पाडव्याच्या रात्रीचे दिवे केशरी-लाल होते, शेपट्या होत्या, कमी-जास्त तेजाचे होते. स्वतःच जळत होते.

मग कुठलं रॉकेट? इथे तपास थोडा चुकीच्या वाटेला लागला होता, आणि ती चूक शिकण्यासारखी आहे. त्याच संध्याकाळी, साधारण दीड तास आधी, न्यूझीलंडहून 'इलेक्ट्रॉन' रॉकेट सुटलं होतं. वेळ जुळत होती, त्यामुळे काहींनी आधी त्याचंच नाव घेतलं. पण तोवर सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात एक मोठी धातूची कडी पडली होती. त्या वेळच्या बातम्यांनुसार तिचा व्यास दोन ते तीन मीटर आणि वजन सुमारे चाळीस किलो. जवळच्या पवनपार गावात अर्ध्या मीटरच्या आसपास व्यासाचा धातूचा गोळा सापडला. इलेक्ट्रॉन रॉकेटची जाडीच आहे सव्वा मीटरच्या आत. त्यातून दोन-तीन मीटरची कडी निघणार कशी? कडी मोजली तिथेच हा अंदाज मोडला.

दुसरीकडे, तेव्हा अमेरिकेत काम करणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल, जे उपग्रहांच्या कक्षांचा हिशेब वर्षानुवर्षं ठेवत आले आहेत, त्यांनी सांगितलं की फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या चीनच्या 'चांग झेंग ३ बी' रॉकेटचा तिसरा टप्पा, अनुक्रमांक वाय ७७, त्याच सुमारास वातावरणात शिरणं अपेक्षित होतं. त्या टप्प्याचा व्यास तीन मीटर. वेळ, वाट आणि कडी, तिन्ही जुळल्या. नंतर इस्रोच्या शास्त्रज्ञांनीही येऊन अवशेषांची पाहणी केली.

असे गोळे जगभर सापडतात आणि प्रत्येक वेळी गावकरी त्यांना काहीतरी गूढ समजतात. हे गोळे म्हणजे इंधनावर दाब देणाऱ्या वायूच्या टाक्या असतात. बऱ्याचदा त्या टायटॅनियमच्या मिश्रधातूच्या असतात. रॉकेटचं ॲल्युमिनियमचं अंग साधारण ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, टायटॅनियम १,६६८ अंशांना. म्हणून बरंचसं जळून जातं आणि गोळा मात्र जमिनीपर्यंत येतो.

कुणी विचारेल, एवढा हिशेब ठेवतात तर आधी का सांगितलं नाही? कारण वरची हवा सूर्याच्या लहरीप्रमाणे फुगते-आकसते, आणि वस्तू गटांगळ्या खात येते. कक्षेतलं जितकं आयुष्य उरलं असेल त्याच्या वीस टक्के इकडे-तिकडे, ही या कामातली सर्वसाधारण चूक. दहा तास उरले असताना अंदाज केला तर दोन तास मागे-पुढे. दोन तासांत वस्तू पृथ्वीला एकापेक्षा जास्त फेरे घालते. एका मिनिटाची चूक म्हणजे जमिनीवर साडेचारशे किलोमीटरची चूक. सिंदेवाहीचं नाव कुणी आधी घेऊ शकलं नसतं.

लाडबोरीत त्या संध्याकाळी गावजेवणाची तयारी चालू होती आणि कडी मोकळ्या जागेत पडली. कुणाला इजा झाली नाही. तुमच्या शेतात असं काही पडलेलं आढळलं तर हात लावू नका. काही टाक्यांत हायड्राझिनसारखं विषारी इंधन उरलेलं असू शकतं. तलाठी किंवा पोलीस पाटलांना कळवा, वस्तू घरी ठेवू नका. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जमिनीवर झालेल्या नुकसानीची जबाबदारी रॉकेट सोडणाऱ्या देशावर असते. १९७८ साली सोव्हिएत 'कॉसमॉस ९५४' उपग्रह अणुभट्टीसह कॅनडात कोसळला, तेव्हा कॅनडाने भरपाई मागितली आणि सोव्हिएत संघाने पुढे ३० लाख कॅनेडियन डॉलर दिले.

हे सगळं फक्त साध्या माणसांच्या बाबतीत होतं असं समजू नका. २०१२-१३ मध्ये लडाखमध्ये पँगाँग सरोवराजवळच्या आपल्या जवानांनी सीमेपलीकडून येणाऱ्या अनोळखी दिव्यांच्या तीनशेहून अधिक नोंदी केल्या. चिनी टेहळणी यंत्रं असावीत असा संशय होता. शेवटी बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना बोलावलं. त्यांनी निष्कर्ष काढला, ते गुरू आणि शुक्र होते. चौदा हजार फुटांवरच्या विरळ, स्वच्छ हवेत शुक्र किती प्रखर दिसतो हे मी स्वतः लडाखमध्ये पाहिलं आहे. पहिल्या रात्री मीही दचकलो होतो. जवानांनी नोंदी नेटाने ठेवल्या म्हणूनच तो गुंता सुटला. माझ्या मते त्यांचं हे काम कौतुकाचं आहे.

ग्रहाची परीक्षा कुणालाही करता येते. दिवा खांबाच्या किंवा कौलाच्या कडेशी जुळवून उभे राहा आणि अर्ध्या तासाने तिथूनच पाहा. तो आजूबाजूच्या ताऱ्यांबरोबर पश्चिमेला सरकला असेल आणि दुसऱ्या दिवशी जवळपास त्याच वेळी त्याच ठिकाणी परत आला, तर ग्रह किंवा तारा. एका गावातल्या मुख्याध्यापकांनी मला विहिरीवर थांबलेल्या दिव्याबद्दल फोन केला होता. त्यांना मी एवढंच करायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच फोन करून सांगितलं, "शुक्र आहे." त्यानंतर त्यांनी शाळेत दुर्बीण आणली.

सगळं उलगडतं का? नाही. अमेरिकी हवाई दलाच्या 'प्रोजेक्ट ब्लू बुक' या उडत्या तबकड्यांच्या चौकशीकडे १९६९ पर्यंत १२,६१८ नोंदी आल्या, त्यातल्या ७०१ अनोळखीच राहिल्या. फ्रान्सच्या अंतराळ संस्थेत १९७७ पासून असाच एक विभाग आहे, आज त्याचं नाव 'जेपान'. तो प्रत्येक घटनेला चार वर्गांत टाकतो: पक्की ओळख पटलेली, बहुधा ओळख पटलेली, माहिती अपुरी असलेली, आणि भरपूर माहिती असूनही न उलगडलेली. तिसरा आणि चौथा वर्ग वेगळे ठेवणं हे मला त्यांच्या कामातलं सर्वांत मोलाचं वाटतं. माझ्या वहीतल्या न सुटलेल्या बहुतेक नोंदी तिसऱ्या वर्गातल्या आहेत. त्या न सुटण्याचं कारण बहुधा आकाशात नाही, कागदावर आहे: वेळ 'रात्री', दिशा 'तिकडे', उंची 'विमानाएवढी'. चौथ्या वर्गात बसेल अशी नोंद माझ्याकडे आली तर मी आनंदाने आणि पूर्ण गांभीर्याने तिच्यामागे लागेन.

तुमच्या घरची नोंद मात्र अजून सुधारता येईल, म्हणून हे काम तुमच्यावर सोपवतो. बाबांना त्याच अंगणात, त्याच जागी, त्याच वेळेला बसवा. दिवे पहिल्यांदा कुठे दिसले आणि कुठे नाहीसे झाले ते हाताने दाखवायला सांगा. दिशा मोबाइलमधल्या होकायंत्राने लिहून घ्या. उंची मुठीने मोजा: हात ताठ करून धरलेली मूठ म्हणजे दहा अंश, ताणलेली वीत म्हणजे वीस. क्षितिजापासून वर किती मुठी, तेवढंच लिहा. किती वेळ दिसलं हे विचारू नका, कारण घाबरलेल्या माणसाला मिनिट फार लांब वाटतं. त्याऐवजी त्यांना बोटाने तो सगळा प्रवास त्याच चालीने पुन्हा करून दाखवायला सांगा आणि तुम्ही घड्याळ लावा. "पाच मिनिटं तरी दिसलं" म्हणणाऱ्या एका काकांचं बोट माझ्यासमोर चाळीस सेकंदांत आकाश ओलांडून गेलं होतं, आणि ते चाळीस सेकंद इतर साक्षींशी बरोबर जुळले.

हे सगळं होईपर्यंत रॉकेट, विमान, चीन यातला एकही शब्द त्यांच्यासमोर काढू नका. मुलांनाही सांगून ठेवा. साक्षीदाराला उत्तर आधी कळलं की आठवण उत्तराच्या बाजूला झुकते.

तुमच्या पुतण्याने मोबाइलवर चित्रण केलं होतं असं तुम्ही लिहिलं आहे. व्हॉट्सॲपवर फिरलेली फाइल नको, मूळ फाइल त्याच्याकडे असेल तर ती जपून ठेवा, कारण मूळ फाइलमध्ये सेकंदापर्यंतची वेळ असते आणि पुढे पाठवताना ती बऱ्याचदा निघून जाते. झूम करून घेतलेल्या भागाचा उपयोग कमी, त्यात ठिपक्याची तबकडी होते. चित्रणात अंगणातली टाकी, विजेचा खांब, आमराईचे शेंडे असं काही आलं असेल तर तोच भाग लाखमोलाचा. टाकीपासून आमराईपर्यंतचा कोन आजही मोजता येईल. तो मोजा, बाबांच्या मुठींचे आकडे त्याच्याशेजारी लिहा आणि मला पाठवा. त्या रात्रीच्या नोंदींची माझी वही अजून उघडीच आहे, आणि तिच्यात मराठवाड्यातली पानं फार थोडी आहेत.